जुन्या पिकअपचा ‘टक्क’ आवाज: पार्ट बदलूनही परत येतो तेव्हा

आधी लक्षण नीट सांगतो, कारण या आवाजाच्या बाबतीत निम्मी लढाई लक्षण धड सांगण्यातच असते. डिझेल पिकअप, मीटर कधीच लाखाच्या पुढे गेलेला. मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, केबिन वेगळी आणि माल भरायचा हौदा वेगळा. गाडी अगदी हळू असताना, वळत वळत एखाद्या उंचवट्यावर चढली की ड्रायव्हरच्या पायाखाली ‘टक्क’. एकदाच. खडखड नाही, करकर नाही. एकच कोरडा ठोका, आणि पाय क्लचवर असेल तर तळव्याला बारीकसा झटकाही लागतो. मग गाडी उतरताना पुन्हा एकदा ‘टक्क’, की झालं. हायवेला गाडी चूप. गतिरोधकावरून सरळ नेली तरी चूप.

सगळ्यात हमखास तो वाजायचा गाडीसकट मालाचं वजन करणाऱ्या भुईकाट्यावर. आमच्याकडे लासलगाव, पिंपळगावला कांद्याच्या दिवसात काट्यापुढे गाड्यांची रांग असते, सरळ लाइन धरून चढायला जागाच मिळत नाही. तिरपं चढावं लागतं. डावं पुढचं चाक आधी वर, उजवं अजून खाली, आणि नेमका त्याच क्षणी ठोका.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे गॅरेजमध्ये कुणी लक्ष दिलं नाही: पावसाळ्यात आवाज बंद. श्रावणात गाडी नव्यासारखी, दिवाळी उलटली, धूळ उडायला लागली की पुन्हा सुरू.

दरम्यान जे व्हायचं ते झालंच. “भाऊ, बॉल जॉइंट गेलाय.” तो, म्हणजे पुढच्या चाकाचा गोल सांधा, बदलला. मग स्टॅबिलायझरच्या (गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या दांड्याच्या) लिंक, मग लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे जोडातली रबरं. दर वेळी गाडी गॅरेजमधून निघाली की शांत, आणि काही दिवसांनी आवाज हजर. मिस्त्री वाईट नव्हता. काढलेले पार्ट झिजलेले होते, बदलणं चुकीचंही नव्हतं. फक्त त्यांचा या आवाजाशी संबंध नव्हता. मग आवाज तेवढ्यापुरता जायचा कसा? तर कामाला लावण्याआधी गाडी वॉशिंगला जायची. खालून प्रेशरचं पाणी. म्हणजे आवाज पार्टने नव्हे, पाण्याने बंद व्हायचा! पावसाळ्याचं कोडंही हेच. हे लक्षात आल्यावर पुढचं सगळं सोपं झालं, पण त्याआधी आवाजाची जात ओळखण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या गाडीतला आवाज हाच असेल असं नाही.

कशाने वाजतो, ते आधी ठरवा

‘कुठून येतो’ हा प्रश्न नंतरचा. आधी ‘काय केलं की येतो’ हे पक्कं करा. मोकळं मैदान, एक फळी किंवा बुटका उंचवटा, आणि शेजारी बसायला दुसरा माणूस एवढं पुरे.

गाडी जागेवर उभी ठेवून नुसतं एक्सलेटर दिलं आणि आवाज आला, तर सस्पेन्शनकडे बघूच नका. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वेग धरणारं ‘फट फट’ म्हणजे बहुतेक वेळा मॅनिफोल्डची गॅस्केट किंवा सायलेन्सरचा जोड सुटलेला. डिझेलला तिथे काळी काजळी उमटलेली दिसते, आणि थंड इंजिनाला आवाज जास्त, धातू तापून फुगला की कमी, अशी त्याची खूण आहे. पेट्रोल गाडीत एक्सलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो ती वेगळी भानगड. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन पेटतं, आणि एक्झॉस्टला कुठे भोक असेल तर बाहेरची हवा त्याला मदत करते. डिझेलवाल्यांनी तिकडे वेळ घालवू नये.

उभ्या गाडीत स्टीअरिंग डावी-उजवीकडे फिरवताना आवाज येत असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), स्टीअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, स्टीअरिंग कॉलमचा छोटा जॉइंट. एकाने स्टीअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने एकेका जोडावर बोटं ठेवायची. ढिला जोड बोटांना लगेच कळतो.

गाडी जागेवरून उचलताना, गिअर बदलताना किंवा ब्रेक लावून पूर्ण थांबल्यावर येणारा एक ठोका हा पुढे-मागे ओढ बसल्याचा आवाज आहे. इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टचे क्रॉस (सांधे), सेंटर बेअरिंग, इंजिनचं माउंटिंग, पाटे अॅक्सलला आवळणारे यू बोल्ट. इथे एक पार्ट विशेष फसवतो: शाफ्टचा सरकणारा तुकडा, ज्याच्या आत खाचा असतात. पाटे दबले-उठले की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून तो सरकता ठेवलेला असतो. तिथलं ग्रीस वाळलं की तो अडकून बसतो आणि सिग्नलला थांबून गाडी निघाली की ‘टक्क’ करून सुटतो. क्रॉस चांगले असतानाही क्रॉस बदलले जातात ते याच्यामुळे. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर गन मारा, नसेल तर शाफ्ट काढून खाचा पुसून ग्रीस भरा. पण शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर रंगाची खूण करायची, नाहीतर एखाद-दुसरा दाता चुकवून बसवला की गाडी थरथरायला लागते.

पाट्यांचं काम नुकतंच झालं असेल तर यू बोल्ट आधी तपासा. नवे पाटे, नवे बोल्ट भार घेऊन बसतात आणि काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेच लागतात. तेवढ्यासाठी कुणी परत गॅरेजला जात नाही. यू बोल्ट ढिले राहिले की पुढे सेंटर बोल्ट तुटतो, अॅक्सल जागेवरून सरकतो, आणि मग प्रश्न आवाजाचा राहत नाही.

आता उरली ती खरी परीक्षा, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. गतिरोधकावरून दोन्ही पुढची चाकं एकदम चढवा. मग तोच गतिरोधक तिरपा घ्या, एका वेळी एकच चाक चढेल असा. दोन्ही वेळा वाजलं तर सस्पेन्शन दबण्या-उठण्यात काहीतरी आहे: शॉकअब्सॉर्बरचे बुश, तुटलेली कॉइल, शॅकल पिन (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीची खीळ). फक्त तिरप्याला वाजलं, सरळला अजिबात नाही, तर गाडी पिळली जाताना आवाज येतोय. अशा वेळी स्टॅबिलायझर बारच्या लिंक आणि रबरं, चासीचे आडवे जोड, हौद्याचे बोल्ट आणि केबिनची माउंटिंग (केबिन चासीवर टेकवणारे रबरी जोड), एवढाच मामला शिल्लक राहतो.

चासी पिळली जाणं हा दोष नाही. पिकअपची चासी म्हणजे दोन लांब पोलादी बाजू आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. एक चाक वर गेलं की ती थोडी पिळावी हेच अपेक्षित आहे. केबिन मात्र बंद खोका आहे, तो सहज पिळत नाही. दोघांमधला हा फरक गिळायला मध्ये रबरं दिलेली असतात. रबर बसलं, वाळलं, दबून चपटं झालं की तो फरक गिळायला कुणी उरत नाही.

ऐकू येतं तिथे नसतं

पायाखाली वाजतं म्हणून पुढच्या उजव्या चाकाजवळ शोधाशोध झाली, हे साहजिक होतं. पण हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून ५,००० मीटरच्याही पुढे. चासीच्या एका टोकाला झालेला ठोका दुसऱ्या टोकापर्यंत एका झटक्यात पोचतो, आणि केबिनचा पातळ पत्रा तो मोठा करून ऐकवतो. कानाला दिशा कळायला वावच राहत नाही. शेजारच्या सीटवर बसलेला माणूस तोच आवाज स्वतःच्या पायाखाली असल्याचं छातीठोक सांगतो, हे करून बघा.

मोबाइल बांधून रेकॉर्डिंग करायची युक्ती आता बरेच जण वापरतात. चांगली आहे. जुना फोन घ्या, फडक्यात गुंडाळून चासीला पट्ट्यांनी आवळा, शाफ्ट आणि सायलेन्सरपासून लांब. तोच उंचवटा, तोच वेग, फोनची जागा दर वेळी वेगळी. फक्त आवाज किती मोठा आला यावरून निकाल देऊ नका, कारण फोन बारीक आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा आवाज दाबतो. आवाजाची धार ऐका. उगमाजवळ स्वच्छ, कोरडं ‘टक्क’ येतं, लांब गेलं की त्याचं बोथट ‘ठप्प’ होतं. आमच्याकडे धार वाढत गेली ती मागे आणि डावीकडे, म्हणजे सगळे जिथे बघत होते त्याच्या नेमकं उलट कोपऱ्यात.

तरी एवढ्यावर पाने काढायची घाई केली नाही. कारण पाण्याचा धागा हातात होता.

पाणी टाकल्यावर बंद होणारा ठोका म्हणजे दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात आणि ताण वाढला की एकदम सोडतात. म्हणूनच तो एकदाच वाजतो. पीळ उलटा बसेपर्यंत पुन्हा वाजायला त्यात काही उरलेलं नसतं. झिजलेला बॉल जॉइंट असा वागत नाही, तो खड्ड्या-खड्ड्याला बडबडतो. पाणी तेवढ्यापुरतं वंगण होतं आणि वाळलं की खेळ पुन्हा सुरू.

तर मग पाणीच वापरायचं, पण सगळीकडे नाही, एका वेळी एकाच जोडावर. गाडी पूर्ण कोरडी हवी, म्हणजे धुतल्यावर निदान दोन-तीन दिवस उन्हात चाललेली. आधी उंचवट्यावर नेऊन आवाज येतोय याची खात्री करा. मग बाटलीच्या झाकणाला भोक पाडून किंवा फवाऱ्याने संशयातल्या पहिल्या जोडावर साबणाचं पाणी सोडा, रबर आणि लोखंड मिळतं तिथे, आणि पुन्हा तोच उंचवटा. आवाज आला? पुढचा जोड. मागचे जोड ओलेच राहतात, त्याने बिघडत नाही, कारण आवाज ज्या जोडानंतर थांबेल तोच आपला. खात्रीसाठी गाडी वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त तोच जोड ओला करून बघा.

इथे साबणाच्या पाण्याऐवजी डिझेल किंवा जळकं ऑइल मारायचा मोह होईल. पाट्यांवर जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी सवय आहे, आवाज बंद होतोही. पण खनिज तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि शॅकलचे बुश वर्ष काढायच्या आत फाटतात. आज आवाज घालवायचा आणि सहा महिन्यांनी बुशचा खर्च काढायचा, हा सौदा मला कधी पटला नाही. वंगण लागणारच असेल तर सिलिकॉनचा स्प्रे घ्या.

हौद्याचे बोल्ट ओले केले, आवाज कायम. स्टॅबिलायझरची रबरं, कायम. केबिनच्या पुढच्या दोन्ही माउंटिंगवर, कायम. केबिनच्या मागच्या डाव्या माउंटिंगवर पाणी सोडलं आणि गाडी गप्प.

उघडल्यावर काय दिसलं

हे माउंटिंग केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीतून दिसतं, खाली झोपायचीही गरज नाही. चासीला बाजूने एक कंस जोडलेला, त्यावर रबराची जाड चकती, वर केबिनचा पाया, आणि सगळ्यातून आरपार गेलेला बोल्ट. माती खरवडून टॉर्च मारला तेव्हा वाटी वॉशरच्या कडेला गेरूसारखी लालसर बारीक भुकटी साठलेली दिसली. साध्या गंजाचे पापुद्रे निघतात. अशी भुकटी दिसली की समजायचं, इथे लोखंड लोखंडावर बारीक बारीक घासतंय. भुकटी पुसल्यावर वॉशरवर अर्धगोल चकचकीत पट्टा होता, तीन बाजूंना गंज आणि चौथ्या बाजूला आरशागत स्वच्छ लोखंड.

पाना लावला तर बोल्ट घट्ट. इथेच बरेच जण फसतात, ‘घट्ट आहे’ म्हणून पुढे जातात. या माउंटिंगच्या पोटात लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की दाब त्या नळीवर येतो, रबर चिरडत नाही, आणि सगळा जोड एकजीव राहतो. आमच्याकडे नळी खालच्या टोकाला गंजून खाल्ली गेली होती. बोल्ट गंजाने नटात घट्ट, पण वाटी मोकळी. केबिन त्या कोपऱ्यात खाली बसली होती आणि पीळ पडला की वाटी कंसाच्या कडेवर अडकून सुटायची.

मग मागचं सगळं आठवलं. डावा दरवाजा कधीपासून थोडा उचलून लावावा लागत होता. केबिन आणि हौद्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. दोन्ही खुणा रोज डोळ्यासमोर होत्या. तुमच्या जुन्या पिकअपमध्ये असा ठोका येत असेल तर पहिलं काम हेच करा: मागे उभं राहून केबिन-हौद्याची फट दोन्ही बाजूंना बोटाने मोजा आणि दरवाजे कसे लागतात ते बघा. पैसा लागत नाही.

काम करताना काही गोष्टी सांभाळायच्या. गंजलेल्या बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आणि लांब पाइप लावून एकदम जोर करू नका. बऱ्याच गाड्यांत वरचा नट केबिनच्या पत्र्याच्या आत वेल्ड केलेला असतो, तो आतल्या आत सुटून फिरायला लागला की सीट, मॅट काढून पत्रा कापण्याची वेळ येते. एका कोपऱ्याचं रबर बदलायचं तर त्या बाजूची बाकीची माउंटिंगही सैल करावी लागतात, नाहीतर केबिन उचलताना पत्र्यावर ताण येतो. जॅक आणि केबिन यांच्यात लाकडाची जाड फळी, आणि तीही दरवाजाखालच्या भक्कम भागाला, पातळ पत्र्याला नाही. रबर निघण्यापुरतंच उचला. उचलताना एकाने पुढे लक्ष ठेवायचं: स्टीअरिंगचा जॉइंट, गिअर लिव्हर, ब्रेकचे पाइप, रेडिएटरचे होज, अर्थची वायर. चाकांना दगड लावल्याशिवाय, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर, खाली हात घालायचा नाही. कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार यांना तर घरी हात लावूच नका. त्यांच्यात दाबून ठेवलेला जोर माणूस जायबंदी करायला पुरतो.

रबरं जोडीने बदला. डावं नवं आणि उजवं जुनं ठेवलं की केबिन पुन्हा एका बाजूला कलते. नळी, वाटी वॉशर, बोल्टही नवेच घ्या, ते काही महाग नसतात. बोल्ट किती आवळायचा तो आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने नको. बंद करण्याआधी कंस घासून, गंजरोधक प्राइमर आणि रंग मारून घ्या. काही आठवडे गाडी चालली की एकदा पुन्हा पाना लावून बघा.

कंस घासलात की त्याचा चासीशी जोड बारकाईने बघा. रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला तर ती भेग असते, आणि मग रबर बदलून भागणार नाही. चासीचं वेल्डिंग नाक्यावरच्या कुठल्याही दुकानात करून घेऊ नका. कंसाचं वेल्डिंग जाणत्याकडूनच, बॅटरीच्या वायरी काढून, आणि मूळ चासीत भेग असेल तर चासीचीच कामं करणाऱ्याकडे न्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेसचा (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा) दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. त्याच्या तयारीत खालून जाड काळा रंग मारायची पद्धत आहे आणि त्या रंगाखाली अशा रेघा झाकल्या जातात. बघायचं ते रंगाआधी बघा.

जाता जाता बुशबद्दल, कारण ते आधी बदलले होते म्हणून विषय निघालाच आहे. लोअर आर्मचे रबरी बुश बसवताना चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वेळेआधी फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, चार वेळा दाबून हलवा, मग आवळा. मिस्त्रीला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता गाडी काट्यावर तिरपी चढते आणि काही वाजत नाही. रिव्हर्स घेऊन पुढे निघाल्यावर पहिला ब्रेक लावला की पुढच्या चाकातून बारीक ‘टिक’ येतं, ते राहू दिलंय. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये थोडे सरकतात, त्याचा तो आवाज. पॅड जाड आहेत, पिना ग्रीस केलेल्या आहेत, त्यामुळे त्याच्यावर खर्च करायचा नाही.